‘फॅमिली’ पाटीचा सुरतेतील अर्थ : चिनी पद्धतीची मासळी आणि एका टेबलावरचे कुटुंब

गोव्यात ‘फॅमिली रेस्टॉरंट’ ही पाटी वाचली की तिचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. शेजारी ‘बार अँड रेस्टॉरंट’ असते. तेथे मद्यपान करणारी मंडळी बसतात. ‘फॅमिली’ लिहिलेल्या जागी बायकामुलांना घेऊन निर्धास्त बसता येते, एवढेच ती पाटी सांगते. मासळी आत असणारच, हे गृहीत धरलेले असते.

कापडबाजारातील लग्नाच्या खरेदीसाठी, नोकरीसाठी किंवा हजिऱ्याच्या औद्योगिक पट्ट्यातील कामासाठी सुरतेला जाणारे गोमंतकीय हीच समजूत बरोबर नेतात, आणि पहिल्याच संध्याकाळी अडखळतात. ‘फॅमिली रेस्टॉरंट’ अशी ठळक पाटी असते, आत मुलाबाळांची गर्दी असते, पदार्थांच्या यादीत हाका नूडल्स, मंचुरियन, शेजवान राइस असे सारे असते. पण मासळीचा एकही पदार्थ नसतो. याउलट जेथे चिनी पद्धतीची कोळंबी आणि पापलेट मिळते, तेथे दारातच विचारले जाते, ‘तुमच्यात शाकाहारी किती?’ हा प्रश्न औपचारिक नसतो. सुरतेत कुटुंबासह चिनी पद्धतीची मासळी खायची असेल, तर त्या एका प्रश्नामागचे सारे समजून घेणे सोयीचे ठरते.

पाटी तीच, अर्थ वेगळा

१ मे १९६० रोजी गुजरात राज्य अस्तित्वात आले तेव्हापासून तेथे दारूबंदी आहे. परवान्यांचे मोजके अपवाद सोडले तर उपाहारगृहात मद्य मिळत नाही. त्यामुळे ‘बारपासून वेगळे’ हा गोव्यातील ‘फॅमिली’चा अर्थ तेथे लागूच होत नाही, बार नसलेल्या गावात सगळीच उपाहारगृहे त्या अर्थाने कौटुंबिक ठरतात. तरीही ही पाटी गुजरातेत सर्वत्र दिसते, कारण तेथे ती दुसऱ्याच शंकेला उत्तर देते. येथे शिजते काय, आणि आमच्या घरातील सर्वांत कडक नियम पाळणारी व्यक्ती येथे बसू शकेल का, ही ती शंका.

गोव्यातील हिंदू घरांनाही शिवराक आणि मासळीचे जेवण हा भेद नवा नाही. सोमवार पाळला जातो, श्रावण पाळला जातो, एकादशीला मासळीचे भांडे चुलीवर चढत नाही. परंतु गोव्यात हा भेद बहुधा वाराचा असतो. त्या दिवशी सारे घर शिवराक जेवते आणि दुसऱ्या दिवशी सारे घर पुन्हा हुमणाकडे वळते. सुरतेत हा भेद पुष्कळदा व्यक्तीचा असतो. एकाच टेबलावर जैन आचार पाळणारी सासू, अंडे चालणारा मुलगा, हॉस्टेलात मासळीची चव लागलेला नातू आणि कोकणातून किंवा खानदेशातून आलेली, मासे आवडीने खाणारी सून बसलेली असू शकते. त्या कुटुंबाला वार बदलून प्रश्न सोडवता येत नाही. तो टेबलावरच सोडवावा लागतो.

गुजरात म्हणजे सरसकट शाकाहार, ही समजूतही तपासून घ्यावी लागेल. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीअंतर्गत झालेल्या २०१४च्या पायाभूत सर्वेक्षणात गुजरातेतील पंधरा वर्षांवरील सुमारे ६१ टक्के लोकांनी आपण शाकाहारी असल्याचे सांगितले होते. याचा अर्थ दहांपैकी जवळजवळ चौघे तसे नाहीत. महाराष्ट्रात हेच शाकाहारींचे प्रमाण सुमारे ४० टक्के आढळले. म्हणजे दोन शेजारी राज्यांत फरक मोठा असला, तरी तो सगळे आणि कोणीच नाही, असा नाही. फरक अधिक आहे तो उघडपणाचा. नोव्हेंबर २०२१मध्ये राजकोट, वडोदरा, अहमदाबाद अशा शहरांत मुख्य रस्त्यांवरील मांसाहारी पदार्थांच्या गाड्या हटवण्याच्या हालचाली झाल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अशा वातावरणात मासळी शिजवणारा उपाहारगृहचालक आपली पाटी जपूनच लिहितो. ‘चायनीज’ हा शब्द त्याला सोयीचा पडतो. त्यात दोन्ही बाजूंचे ग्राहक सामावतात.

मासळीचे शहर, पण आतल्या गल्ल्यांत

देशातील राज्यांत सर्वांत लांब समुद्रकिनारा गुजरातचा. समुद्री मासळी पकडण्यातही हे राज्य आघाडीवर आहे. वेरावळ हे देशातील मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. मात्र या मासळीचा मोठा भाग बर्फात भरून राज्याबाहेर आणि परदेशी जातो. गोव्यात पकडलेल्या मासळीला गोव्यातील घरेच पहिले गिऱ्हाईक असतात. गुजरातेत ते तसे नाही.

सुरत त्यातल्या त्यात वेगळे शहर. तापीच्या मुखाजवळचे हे जुने बंदर. येथे खारवी, माछी आणि कोळी समाज आहेत, पारशी व दाऊदी बोहरा यांची जुनी वस्ती आहे, रांदेरचे सुन्नी व्यापारी आहेत. या सर्वांच्या स्वयंपाकघरांत मासळी आणि मांस नित्याचे. नानपुऱ्यातील माछीवाड हे नावच तेथील मूळ व्यवसाय सांगते. अंड्याच्या पदार्थांसाठी तर हे शहर गुजरातभर प्रसिद्ध आहे. ‘घोटाळा’ नावाचा अंड्याचा पदार्थ सुरतेची ओळख बनला आहे. त्यात कापड आणि हिरे उद्योगांमुळे आलेल्या लोकांची भर पडली. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. भुसावळ, जळगाव आणि नंदुरबारवरून येणाऱ्या रेल्वेमार्गाने सुरतेला खानदेशच्या अंगणात आणून ठेवले आहे. महापालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाचे वर्ग भरतात ते याच वस्तीमुळे. या घरांत मटण-मासळीला मज्जाव नसतो.

घरात खाल्ली जाणारी मासळी आणि चिनी उपाहारगृहात मिळणारी मासळी यांत मात्र अंतर आहे. दक्षिण गुजरातेतील घरांत बोंबील, बोईट आणि चिखलात उड्या मारणारी लेवटी (आपल्याकडची निवटी) यांची आवड आहे. चिनी पद्धतीच्या यादीत यांपैकी काहीच नसते. तेथे कोळंबी, पापलेट, सुरमई, कधी खेकडा, कधी माणकी आणि बहुतेक ठिकाणी ‘फिश’ या मोघम नावाखाली येणारी बासा असते. ‘फिश चिली’, ‘फिश मंचुरियन’ यांतील काटा नसलेला, पांढरा, फारशी चव नसलेला तुकडा पुष्कळदा बासाचा असतो. ही गोड्या पाण्यातील मासळी. व्हिएतनाममधून गोठवून आलेली किंवा देशातच तळ्यांत वाढवलेली. मुलांना काट्याची भीती नसते, हा तिचा गुण. समुद्राची चव हवी असणाऱ्याने मात्र ‘फिश म्हणजे कोणता मासा?’ हे आधी विचारून घ्यावे.

चीनची ओळख सुरतेला जुनी

चिनी जेवण सुरतेत अलीकडे आले असले, तरी चीन सुरतेला नवखा नाही. सुरतेच्या पारशी व्यापाऱ्यांचा चीनशी व्यापार चाले. तनछोई या रेशमी वस्त्राची आख्यायिका त्याच संबंधाची आहे. तीन पारशी विणकर भाऊ चीनमध्ये छोई नावाच्या उस्तादाकडे विणकाम शिकले, म्हणून ‘तन’ म्हणजे तीन आणि ‘छोई’, असे सांगितले जाते. लग्नाच्या खरेदीत तनछोई हाताळणाऱ्या गोमंतकीय कुटुंबांना या नावातला चीन सहसा माहीत नसतो.

नूडल्सही सुरतेत केवळ चिनी गाड्यांबरोबर आल्या नाहीत. तापीच्या पलीकडच्या रांदेर गावातील व्यापारी एकोणिसाव्या शतकापासून रंगूनला ये-जा करीत. त्यांच्यातील काही तेथे स्थायिकही झाले. त्यांच्याबरोबर ब्रह्मदेशातील खाऊस्वे रांदेरला आले आणि ‘खावसा’ झाले. त्यात खाली नूडल्स, वर रस्सा आणि त्यावर कुरकुरीत तळलेले पदार्थ असतात. रांदेरच्या गल्ल्यांत तो आजही आवडीने खाल्ला जातो. सुरतेत एका वेळी दोन पूर्वेकडचे स्वाद नांदतात. एक समुद्रमार्गे ब्रह्मदेशातून आलेला, दुसरा रेल्वेमार्गे मुंबईहून.

दुसऱ्या स्वादाची वाट कोलकात्यापासून सुरू होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंग अच्यू हा चिनी व्यापारी हुगळीकाठी वसला. ती जागा पुढे अछिपूर म्हणून ओळखली जाऊ लागली. नंतर कँटनचे सुतार आणि कातडी कमावणारे हाका लोक कोलकात्यात आले. आपल्या यादीतील ‘हाका नूडल्स’ हे नाव या दुसऱ्या समाजाचे आहे. मुंबईत माझगावला चिनी वस्ती होती; तेथील छोटे चिनी मंदिर आजही उभे आहे. १९६२च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत ठेवण्यात आले, पुष्कळांनी देश सोडला. जे राहिले त्यांतील अनेकांचा आधार स्वयंपाकघर हाच होता. १९७५च्या सुमारास मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात नेल्सन वाँग यांनी चिकन मंचुरियन तयार केले, असे मानले जाते. आले, लसूण, हिरवी मिरची हा आपला पाया घेऊन त्यांनी गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि मक्याचे पीठ वापरले. मंचुरियाशी या पदार्थाचा नावापलीकडे संबंध नाही.

मुंबईपासून सुरत रेल्वेने सुमारे २६० किलोमीटर. मंचुरियन तेथे पोहोचले तेव्हा चिकनची जागा कोबी-गाजराच्या गोळ्यांनी घेतली आणि पुढे जैन मंडळींसाठी कांदा-लसूणही गेला. जे उरले त्यालाही ‘चायनीज’ म्हणतात. यात हसण्यासारखे काही नाही. ज्या पाककृतीत मूळ वस्तू काढून दुसरी घालता येते आणि तरीही ग्राहकाला पदार्थ ओळखता येतो, ती मिश्र आहाराच्या कुटुंबाला उपयोगी पडते. एका टेबलावर तोच पदार्थ कोळंबीचा, पनीरचा आणि कांदा-लसणाविना असा तिहेरी मागवता येतो. गोव्याच्या हुमणात किंवा मालवणी तिखल्यात ही सोय नाही.

एकाच कढईचा प्रश्न

या सोयीची दुसरी बाजूही आहे, आणि कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाची तीच. नारळाच्या आमटीत मासा आहे की नाही हे डोळ्यांना दिसते. चिनी पद्धतीत प्राणिज पदार्थ बरेचदा दिसत नाहीत, कारण ते बाटलीतून येतात.

ऑयस्टर सॉस हे त्याचे ठळक उदाहरण. १८८८मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात ली कुम शेउंग यांनी तो प्रथम तयार केला, असे त्यांच्या नावाची कंपनी सांगते. तो कालवांच्या अर्कापासून बनतो. काळसर, गोडसर, दाट असा हा सॉस भाजीतही घातला की तिला चकाकी आणि चव येते. ‘मशरूम अँड बेबीकॉर्न इन ऑयस्टर सॉस’ या नावात भाज्या दोन आणि कालवे लपलेले, असा प्रकार असतो. अळंब्यांपासून केलेला शाकाहारी पर्यायी सॉस बाजारात आहे. तो वापरतात का, हे विचारावे लागते. फिश सॉस आणि वाळवलेल्या कोळंबीची पेस्ट हे दुसरे दोन पदार्थ. तिसरी वस्तू म्हणजे सूपाचे पाणी. ‘व्हेज हॉट अँड सॉर’साठी भाज्यांचे पाणी वेगळे ठेवले आहे, की एकाच पातेल्यातील कोंबडीच्या हाडांचे पाणी दोन्हीकडे जाते, यावर त्या सूपाचे शाकाहारीपण ठरते. साधा सोया सॉस मात्र सोयाबीन, गहू आणि मीठ यांचा असतो. शाकाहारी व्यक्तीला त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

बाटल्यांनंतर तेल आणि कढई येतात. चिनी पद्धतीत गोल बुडाची पातळ पोलादी कढई प्रखर आचेवर ठेवतात आणि एक पदार्थ दोन-चार मिनिटांत उतरवतात. गर्दीच्या वेळी आचारी ती कढई पाण्याने खळखळून लगेच पुढचा पदार्थ घेतो. तळणीचे तेल तर दिवसभर तेच असते. मंचुरियनचे गोळे आणि पिठात घोळलेली कोळंबी एकाच तेलात उतरली, तर पदार्थांच्या यादीतील हिरव्या ठिपक्याला फारसा अर्थ उरत नाही.

सुरतेतील जाणती उपाहारगृहे यावर उपाय करतात. शाकाहारासाठी वेगळी शेगडी, वेगळी कढई, वेगळे तेल, काही ठिकाणी वेगळे स्वयंपाकघर आणि वेगळी भांडी असतात. हे सर्व ठिकाणी असेलच असे नाही. कायदाही येथे पुरेसा हात देत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनुसार यादीत उष्मांक देण्याचे आणि ॲलर्जीकारक घटकांची माहिती उपलब्ध करण्याचे बंधन केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा व त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या आस्थापनांवर आहे. एकट्या दुकानाच्या उपाहारगृहात ग्राहकाच्या हाती प्रश्न विचारणे एवढेच साधन राहते.

ते प्रश्न तीन आहेत आणि मागणी देण्यापूर्वी विचारायचे आहेत. शाकाहारी पदार्थांचे तेल आणि कढई वेगळी आहे का? सूपाचे पाणी कशाचे आहे? भाजीत ऑयस्टर किंवा फिश सॉस पडतो का? वाढप्याला उत्तर माहीत नसेल तर त्याला आत विचारून येण्यास सांगावे. ‘सब चलेगा’, ‘टेन्शन मत लो’ अशी उत्तरे आली, तर कडक नियम पाळणाऱ्या व्यक्तीसाठी तेथे साधा भात आणि दही मागवणे किंवा दुसरी जागा शोधणे बरे. सुरतेत असे प्रश्न विचारणाऱ्याकडे कोणी विचित्र नजरेने पाहत नाही. तेथील बहुतेक कुटुंबे ते विचारतातच.

व्रत मोडणे आणि जीव धोक्यात येणे

हेच तीन प्रश्न दुसऱ्या एका व्यक्तीसाठी अधिक गंभीर ठरतात. ज्या मुलाला कोळंबी, खेकडा किंवा कालवांची ॲलर्जी आहे, त्याच्या बाबतीत आजीच्या व्रताचा प्रश्न थेट रुग्णालयापर्यंत जाऊ शकतो. कवचधारी जलचरांतील जे प्रथिन ही प्रतिक्रिया घडवते, ते शिजवल्याने किंवा तळल्याने नष्ट होत नाही. कोळंबी तळलेल्या तेलातील बटाट्याची काचरीसुद्धा अशा मुलाला बाधू शकते. किनाऱ्यावरच्या घरांत ‘आपल्या पोरांना मासळी बाधत नाही’ असे म्हणण्याची सवय असते. परंतु ही ॲलर्जी मोठेपणीही प्रथमच उद्भवू शकते.

ओठ किंवा जीभ सुजणे, अंगावर गांधी उठणे, उलट्या, घशात आवळल्यासारखे वाटणे, श्वास लागणे ही लक्षणे जेवताना किंवा जेवणानंतर थोड्याच वेळात दिसली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा गोव्याप्रमाणे गुजरातेतही चालते. आधीपासून ॲलर्जी माहीत असल्यास ती मागणी देताना स्पष्ट शब्दांत सांगावी. ‘कोळंबी नको’ आणि ‘कोळंबीची ॲलर्जी आहे’ या दोन वाक्यांचा स्वयंपाकघरात वेगवेगळा अर्थ होतो. पहिल्यात आचारी ताटातून कोळंबी काढतो. दुसऱ्यात तो कढई बदलतो.

ऋतू आणि मासळीची निवड

पश्चिम किनाऱ्यावर केंद्राने घातलेली मासेमारीबंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस असते. गोमंतकीयांना या दिवसांतील भाव पाठ असतात. सुरतेतही या काळात यंत्रनौका बाहेर पडत नाहीत, आणि तेव्हा यादीत दिसणारे पापलेट किंवा सुरमई गोठवलेली असण्याची शक्यता मोठी. योग्य तापमानाला गोठवलेली मासळी वाईट नसते. फक्त ती ‘आजची ताजी’ म्हणून विकली जाऊ नये.

कोळंबीचे तसे नाही. सुरत जिल्ह्यातील ओलपाड, चोऱ्यासी अशा किनारी तालुक्यांत निमखाऱ्या पाण्याची कोळंबीची तळी आहेत. गुजराती लोक कोळंबीला झिंगा म्हणतात आणि ही तळी ‘झिंगा तळाव’ म्हणून ओळखली जातात. देशात २००९पासून परवानगी मिळालेली व्हॅनामेई जात तेथे वाढवली जाते. म्हणून सुरतेत चिनी पद्धतीची मासळी खाताना कोळंबी ही सर्वांत जवळून आलेली वस्तू ठरण्याचा संभव अधिक. तिला आपल्या सुंगटांची खाडीची चव नसते. पण लसूण-लोणी किंवा मिरी-मिठात परतल्यावर ती चांगली लागते. नीट शिजलेली कोळंबी अर्धचंद्रासारखी वळते. घट्ट वेटोळे झाले असेल तर ती आचेवर जास्त राहिली असे समजावे.

ताजेपणाची परीक्षा घ्यायची असेल, तर सॉसमधील तळलेला तुकडा मागवून उपयोग नाही. पीठ, मिरची आणि सॉस मिळून शिळेपणा झाकतात. आले आणि कांद्याची पात घालून वाफवलेले अख्खे पापलेट मागवावे. कँटनच्या पद्धतीत ताज्या माशाला हाच मान देतात. वाफेत काही लपत नाही. मांस काट्यापासून सहज सुटले, पांढरे स्वच्छ दिसले आणि वास समुद्राचा आला, तर तेथील बाकीची मासळीही विश्वासाने खावी. चीनमध्ये माशाचा उग्रपणा घालवण्यासाठी तांदळाची दारू शिंपडतात. गुजरातेत ती जागा आले, लिंबू आणि शिरका घेतात. त्यामुळे मूळ पदार्थ खाल्लेल्याला चव किंचित आंबट वाटू शकते.

टेबलाची मांडणी

चिनी जेवण वाटून खाण्याचे असते. पदार्थ मध्ये येतात, मोठ्या गोल टेबलावर फिरती चकती असते आणि प्रत्येक जण आपल्याकडे फिरवून घेतो. एकच आहार असलेल्या कुटुंबाला यासारखी मजा नाही. मिश्र आहाराच्या कुटुंबात मात्र ती चकती वाफवलेला मासा डोक्यासकट आजीच्या समोर आणून उभा करते, आणि मासळीचा चमचा नकळत भाताच्या भांड्यात जातो.

सुरतेत रुळलेली कुटुंबे यासाठी साधी व्यवस्था करतात. शाकाहारी मंडळी टेबलाच्या एका टोकाला एकत्र बसतात. सूप आणि शाकाहारी पदार्थ आधी मागवतात आणि ते संपत आल्यावर मासळी बोलावतात. भात आणि नूडल्स शाकाहारीच मागवतात, म्हणजे त्या सर्वांना चालतात. मासळी वेगळ्या भांड्यात येते आणि ज्याला हवी तो वाढून घेतो. प्रत्येक भांड्याला स्वतंत्र चमचा मागून घेतात. खेकड्यासारखा कवच फोडून खाण्याचा पदार्थ अशा जेवणात टाळतात, तो मित्रमंडळींसाठी राखून ठेवतात. मुलांसाठी काटा नसलेला तुकडा आणि कमी तिखट सॉस आधीच सांगतात; ‘शेजवान’ शब्द असलेले सारे पदार्थ आपल्याकडे लाल मिरचीचे असतात, हे मुलांच्या आयांना ठाऊक असते.

बिलाबाबतही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पापलेट, खेकडा यांच्यापुढे किमतीऐवजी ‘आकारानुसार’ असे लिहिलेले असेल, तर मासा पाहून, वजन आणि रक्कम विचारून मगच होकार द्यावा. सेवाशुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ते उचलून धरले. सेवा आवडली तर बक्षिसी स्वखुशीने द्यावी.

कोणासाठी ‘फॅमिली’?

गुजरातीत एक म्हण आहे, ‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’. खाण्यापिण्याचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या शहरात मासळी मिळवणे अवघड नाही. सर्वांना बरोबर घेऊन ती खाणे थोडे कष्टाचे आहे. गोव्याहून गेलेल्या माणसाला ते कष्ट सुरुवातीला जाचक वाटतात. वाढप्याला कढई आणि तेलाबद्दल विचारणे त्याला अपमानास्पद वाटते, कारण त्याच्या गावी असे कोणी विचारत नाही.

आता मात्र गोव्यातील घरांतही चित्र बदलत आहे. सून दुसऱ्या प्रांतातून येते, मुलगी गुजराती किंवा मारवाडी घरात जाते, कोणी प्रकृतीसाठी मासळी सोडते, कोणाच्या मुलाला कोळंबी बाधते. वार पाळून प्रश्न सुटत नाही, अशी कुटुंबे येथेही वाढतील. त्या दिवशी टेबलावरची आजी उपाशी उठली नाही आणि नातवाला आपले पापलेट लपवून खावे लागले नाही, तर पाटीवरील शब्द खरा ठरला म्हणायचे. तसे व्हावे म्हणून दारात ‘तुमच्यात शाकाहारी किती?’ असे कोणी विचारले, तर त्याला मोकळेपणाने खरा आकडा सांगावा.